थर्मोस्टॅट : उष्णतेचा पहारेकरी

पुण्याहून मुंबईकडे जाणारा महामार्ग आणि लोहमार्ग दापोडी ओलांडून पिंपरीकडे निघाले, की मध्ये कासारवाडी लागते. लोणावळ्याच्या लोकल गाड्या येथे थांबतात, नाशिकचा रस्ता जवळच्या नाशिक फाट्यावरून फुटतो आणि २०२२ सालापासून पुणे मेट्रोचे स्थानकही येथे सुरू झाले आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. या काळात येथील शेतजमिनीच्या जागी कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आज हाच औद्योगिक पट्टा भोसरीवरून थेट चाकणपर्यंत पोहोचला आहे.

या पट्ट्यात तयार होणाऱ्या वस्तूंची यादी करावयाची झाल्यास ती फार मोठी होईल. औषधे, मोटारी, दुग्धव्यवसायाची यंत्रे, वाफेची उपकरणे अशा या परस्परांहून अगदी भिन्न वस्तू आहेत. तथापि त्या सर्वांच्या निर्मितीत एक गरज समान आहे. ती म्हणजे उष्णता ठरावीक मर्यादेत राखण्याची. उष्णता कमी पडली तर काम होत नाही आणि जास्त झाली तर झालेले काम बिघडते. ही मर्यादा माणसाच्या मदतीवाचून सांभाळणारे जे साधन, त्याला ‘थर्मोस्टॅट’ असे म्हणतात. मराठीत त्यास तापनियंत्रक म्हणता येईल.

हे साधन केवळ कारखान्यातच असते असे नाही. घरातील इस्त्री, पाणी तापविण्याचा गीझर व शीतकपाट, गावच्या दूध संकलन केंद्रातील शीतकरणाची टाकी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींचे शीतकपाट, या सर्वांत ते बसविलेले असते. त्याचे कार्य समजून घेणे म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचे काम नाही. ज्यांच्यावर सार्वजनिक साधनांच्या देखभालीची जबाबदारी आहे, अशा अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांनाही ही माहिती उपयोगी पडेल.

चुलीपासून सुरुवात

तापनियंत्रकामागील कल्पना प्रत्येक घरातील गृहिणीस ठाऊक आहे. चुलीवर दूध ठेवले असता तिचे लक्ष दुधावर असते. दूध वर येऊ लागले, की ती लाकडे मागे ओढते आणि उकळी बसली की पुन्हा पुढे सारते. आंघोळीचे पाणी कढत झाले तर ती त्यात विसण घालते. या साध्या क्रियेत तीन गोष्टी आहेत. पहिली, किती तापले आहे हे जाणणे. दुसरी, हवे तितके तापले आहे काय, हे ताडून पाहणे. आणि तिसरी, त्यानुसार जाळ कमी-अधिक करणे. जाळ बदलला की दुधाचे तापमान बदलते व ते पाहून पुन्हा जाळ बदलावा लागतो. असे हे चक्र अखंड चालते.

तापनियंत्रक नेमक्या याच तीन गोष्टी करतो. फरक इतकाच, की गृहिणीचे लक्ष दुसरीकडे जाऊ शकते, या साधनाचे जात नाही. मात्र गृहिणीला काही बिघडले तर समजते, या साधनाला ते समजत नाही. हा दुसरा फरक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

दोन धातूंची जोडी

तापलेला धातू प्रसरण पावतो, हे आपल्याकडील लोहारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना ती धाव लाल होईपर्यंत तापवीत. तापल्यामुळे ती मोठी होई व चाकावर सहज बसे. मग पाणी ओतताच ती आकसून चाकाला घट्ट आवळी.

सर्वच धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. पितळेची १ मीटर लांबीची पट्टी दर १ अंश सेल्सिअसला मीटरच्या सुमारे १९ दशलक्षांश भागाने वाढते. लोखंड सुमारे १२ दशलक्षांश भागाने वाढते. निकेल व लोखंड यांच्या ‘इनव्हार’ नावाच्या मिश्रधातूची वाढ मात्र १ ते २ दशलक्षांश इतकी अल्प असते. हा मिश्रधातू शार्ल गियोम या शास्त्रज्ञाने १८९६ साली शोधून काढला. १९२० साली त्यास पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पितळ व इनव्हार यांच्या दोन सारख्या पट्ट्या एकमेकींवर पक्क्या जोडल्या आणि तापविल्या तर काय होईल? पितळेला वाढावयाचे असते, इनव्हार तिला वाढू देत नाही. या ओढाताणीत जोडपट्टी वाकते. पितळ बाहेरच्या बाजूस व इनव्हार आतल्या बाजूस राहते. पट्टी थंड झाली की पुन्हा सरळ होते. यालाच द्विधातू पट्टी असे म्हणतात.

या वाकण्याचे महत्त्व एका हिशेबावरून लक्षात येईल. १० सेंटिमीटर लांबीची पट्टी ५० अंशांनी तापविली, तर दोन धातूंच्या वाढीतील फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. तो डोळ्यांना दिसणारही नाही. परंतु याच दोन धातूंची मिळून १ मिलिमीटर जाडीची पट्टी एका टोकाला पक्की धरली, तर तिचे मोकळे टोक सुमारे ६ ते ७ मिलिमीटर सरकते. एवढी हालचाल विजेचा संपर्क तोडण्यास किंवा जोडण्यास पुरेशी आहे.

विजेच्या इस्त्रीत हेच घडते. इस्त्री तापली की पट्टी वाकते, संपर्क तुटतो व दिवा विझतो. इस्त्री निवली की पट्टी सरळ होते, संपर्क जुळतो व दिवा पुन्हा लागतो. इस्त्रीवरील ‘रेशमी’, ‘लोकरी’, ‘सुती’ या खुणांकडे बटण फिरविले असता आतील स्क्रू संपर्काचे अंतर बदलतो. त्यामुळे पट्टीला कमी किंवा अधिक वाकावे लागते आणि प्रवाह कमी किंवा अधिक तापमानास तुटतो.

द्रव, वायू आणि मेण

सर्वच ठिकाणी द्विधातू पट्टी सोयीची नसते. अनेक गीझरांमध्ये द्रवाने भरलेली एक छोटी नळकांडी पाण्यालगत ठेवलेली असते. तिच्यापासून केसासारखी बारीक नळी बटणापर्यंत जाते. पाणी तापले की द्रव प्रसरण पावतो, नळीच्या टोकाशी असलेला लवचीक पडदा फुगतो आणि स्विच बंद करतो. जुन्या पद्धतीच्या शीतकपाटात अशाच नळीत वायू किंवा बाष्प असते. तेथे क्रम उलटा असतो. कपाट गरम झाले की स्विच सुरू होतो आणि थंड झाले की बंद होतो.

मोटारीच्या इंजिनात मेणाचा उपयोग करतात. मेण वितळताना त्याचे आकारमान बरेच वाढते. इंजिन थंड असताना तापनियंत्रकाची झडप मिटलेली असते व पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरते. पाणी सुमारे ८० अंशांपर्यंत तापले की मेण वितळू लागते, दांडा पुढे ढकलला जातो, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते.

कासारवाडीशेजारी दापोडीस राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, पिंपरीस व चाकणला मोटारींचे कारखाने आहेत. या भागात इंजिनाविषयी बोलणारा माणूस पावलोपावली भेटेल. आपल्या हवेत तापनियंत्रकाची गरज नाही, तो काढून टाकला की इंजिन थंड राहते, असा एक समज मात्र सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. इंजिन योग्य तापमानास पोहोचलेच नाही, तर इंधन नीट जळत नाही, तेल घट्ट राहते आणि भागांची झीज वाढते. तापनियंत्रकाचे काम केवळ इंजिन थंड राखण्याचे नाही, ते वेळेवर गरम करण्याचेही आहे.

वाफेचा सापळा

वाफेचा काटकसरीने वापर करण्यासाठी लागणारी उपकरणे तयार करणारी फोर्ब्स मार्शल ही कंपनी कासारवाडीतच मुंबई-पुणे महामार्गालगत आहे. या क्षेत्रातील एक महत्त्वाचे उपकरण म्हणजे स्टीम ट्रॅप, अर्थात वाफेचा सापळा. त्याच्या एका प्रकारात तापनियंत्रकाचेच तत्त्व वापरलेले असते.

साखर, कापड, औषधे, कागद, खाद्यपदार्थ अशा अनेक उद्योगांत बॉयलरमधील वाफ नळांवाटे यंत्रांकडे नेली जाते. वाफेतील खरी संपत्ती तिच्या सुप्त उष्णतेत असते. १०० अंशांची १ किलोग्रॅम वाफ त्याच तापमानाचे पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता देते. पुढे ते पाणी १०० अंशांवरून अगदी शून्यापर्यंत निवले, तरी केवळ १०० किलोकॅलरीच मिळतात. तेव्हा उष्णता देऊन झालेले पाणी ताबडतोब बाहेर गेले पाहिजे, परंतु वाफ मात्र निसटता कामा नये. ही निवड करणारे द्वार म्हणजे हा सापळा.

तापनियंत्रक सापळ्यात एक छोटी धातूची डबी असते. तिच्यात पाण्याहून किंचित कमी तापमानास उकळणारा द्रव भरलेला असतो. वाफ डबीपाशी आली की आतील द्रव उकळतो, डबी फुगते व झडप मिटते. पाणी साचून जरा निवले की द्रवाची वाफ विरते, डबी आकसते व झडप उघडून पाणी निघून जाते. यंत्र सुरू करताना नळात अडकलेली थंड हवाही याच मार्गाने बाहेर पडते. ना वीज, ना तारा, ना माणूस. असा सापळा झिजून उघडाच राहिला, तर जळणाचे पैसे खर्चून केलेली वाफ रात्रंदिवस वाया जाते. तो मिटलेलाच राहिला, तर यंत्रात पाणी साचून काम मंदावते. म्हणून जाणकार कारखान्यांत प्रत्येक सापळ्याची ठरावीक काळाने तपासणी होते.

पिंपरीचे पेनिसिलिन

कासारवाडीपासून थोड्या अंतरावर पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य लाभलेल्या या कारखान्यात पुढील वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. देशातील औषधनिर्मितीच्या इतिहासात या घटनेस मोठे स्थान आहे.

पेनिसिलिन हे एका बुरशीपासून मिळते. ही बुरशी मोठमोठ्या बंद टाक्यांत, पोषक द्रवात वाढवितात. तिला सुमारे २५ अंश सेल्सिअसचे तापमान मानवते. वाढताना ती स्वतःच उष्णता निर्माण करते, शिवाय द्रव ढवळणाऱ्या यंत्रामुळेही उष्णतेत भर पडते. ही उष्णता बाहेर काढली नाही, तर काही तासांतच द्रव तापेल आणि औषधाचे उत्पन्न घटेल. म्हणून टाकीतील नळ्यांतून थंड पाणी खेळवितात व तापनियंत्रण यंत्रणा त्या पाण्याचा प्रवाह कमी-अधिक करते. त्याउलट, पोषक द्रव आधी निर्जंतुक करताना त्याचे तापमान सुमारे १२० अंशांवर न्यावे लागते. ते तेथवर पोहोचले नाही, तर परके जंतू शिरकाव करून सारी टाकी वाया घालवू शकतात. एकाच टाकीला एकदा वाफेची व एकदा थंडाव्याची गरज असते आणि दोन्ही वेळी नेमकेपणाची.

अशा कामास केवळ ‘चालू’ किंवा ‘बंद’ करणारा तापनियंत्रक पुरत नाही. तापमान हव्या अंकापासून किती दूर गेले आहे, त्या प्रमाणात झडप थोडी किंवा फार उघडणारे नियंत्रक तेथे वापरतात. आज बहुतेक ठिकाणी तापमान जाणण्यासाठी विद्युत संवेदक व निर्णय घेण्यासाठी इलेक्ट्रॉनिक साधने आली आहेत. परंतु जाणणे, ताडणे व कृती करणे हा मूळ क्रम बदललेला नाही.

दूध आणि लस

ग्रामीण भागात या साधनाचा सर्वांत मोलाचा उपयोग दोन ठिकाणी दिसतो. पहिले ठिकाण दुधाचे. काढलेले दूध जनावराच्या शरीराइतके, म्हणजे ३७-३८ अंश उबदार असते व त्यात जंतू झपाट्याने वाढतात. संकलन केंद्रातील टाकी ते ४ अंशांपर्यंत थंड करते व तापनियंत्रक तेथेच राखतो. पुढे दुग्धशाळेत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून पाश्चरीकरण करतात. या यंत्रात एक वळण-झडप असते. काही कारणाने दूध ठरलेल्या तापमानाहून कमी तापले, तर तापनियंत्रकाच्या इशाऱ्यासरशी ही झडप फिरते आणि ते दूध पुढे न जाता पुन्हा तापविण्यासाठी मागे जाते. अपुरे तापलेले दूध पिशवीत जाऊच नये, अशी ही व्यवस्था आहे.

दुसरे ठिकाण लसींचे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील बर्फाचे अस्तर असलेल्या शीतकपाटात लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. पोलिओची लस उष्णतेने लवकर निकामी होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला व कावीळ-ब यांवरील लसी गोठल्यानेही निकामी होतात, याची जाणीव तुलनेने कमी असते. एकदा गोठलेली अशी लस वितळवून पुन्हा गुणकारी होत नाही.

येथे एक नेहमीची चूक घडते. ‘जितके थंड तितके चांगले’ या समजुतीने तापनियंत्रकाचे बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरविले जाते. वास्तविक जुन्या पद्धतीच्या बटणावरील १ ते ७ हे आकडे अंश नव्हेत. ते केवळ थंडाव्याच्या पायऱ्या आहेत. बटण पुढे फिरविल्याने कपाट लवकर थंड होत नाही, ते अधिक वेळ चालत राहते व अखेरीस हवे त्याहून अधिक थंड होते. उन्हाळ्यासाठी केलेली योजना थंडीच्या रात्री तशीच राहिली, तरी लसी गोठण्याचा धोका संभवतो. गोठलेली लस दिलेल्या बालकाची नोंद पत्रकावर ‘लसीकरण पूर्ण’ अशी होते. प्रत्यक्षात ते बालक असुरक्षितच राहते आणि ते कोणाला कळतही नाही.

म्हणूनच कपाटात स्वतंत्र तापमापक ठेवावा, सकाळ-संध्याकाळ त्याची नोंद करावी, सुट्टीच्या दिवशीही ती चुकवू नये, असा दंडक आहे. तापनियंत्रकास स्वतःचा बिघाड कळत नाही, तो तापमापकच दाखवितो. बटणात बदल करावयाचा झाल्यास तो प्रशिक्षित कर्मचाऱ्यानेच करावा व नंतरच्या तापमानावर लक्ष ठेवावे. आरोग्य केंद्रास भेट देणाऱ्या पंचायत सदस्यांनी इमारतीच्या रंगरंगोटीबरोबर हे नोंदपत्रकही पाहण्यास मागावे. ते वाचण्यास वैद्यकीय ज्ञान लागत नाही. आकडे २ ते ८ यांच्या दरम्यान आहेत काय आणि नोंद रोजची आहे काय, एवढेच पाहावयाचे असते. महिनाभर दोन्ही वेळा एकच आकडा लिहिलेला दिसला, तर तापमापक खरोखर पाहिला गेला काय, हे विचारण्यास हरकत नाही.

कचेरीत आणि घरात

हीच समजूत वातानुकूलन यंत्राबाबतही आढळते. खोली लवकर गार व्हावी म्हणून १८ अंशांचे बटण दाबतात. साध्या यंत्रात त्यामुळे गारव्याचा वेग वाढत नाही, यंत्र थांबण्याची वेळ मात्र लांबते. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान १ अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० सालापासून नवीन यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली यावीत, असा नियम झाला आहे. शासकीय कार्यालयांनी त्यास अनुसरून वागल्यास सार्वजनिक पैशाची बचत होईल.

गीझरचा हिशेबही सोपा आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १ युनिट वीज लागते. ५० अंशांवर थांबल्यास सुमारे पाऊण युनिट पुरते. तापनियंत्रकाचे संपर्क चिकटून बसले तर पाणी तापतच राहते. म्हणून चांगल्या गीझरमध्ये त्याच्या जोडीला प्रवाह तोडणारे दुसरे साधन व जादा दाब सोडणारी झडप असते. दुरुस्तीच्या वेळी ही दोन्ही साधने जागच्या जागी आहेत, याची खात्री करून घ्यावी. शाळा व वसतिगृहांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक होय.

शाळेतील प्रयोग

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. वेष्टनाचा, एका बाजूस ॲल्युमिनिअमचा वर्ख व दुसऱ्या बाजूस कागद असलेला तुकडा घ्यावा. त्याची बोटभर लांब, अरुंद पट्टी कापून एका टोकाला चिमट्यात धरावी व मेणबत्तीपासून सुरक्षित अंतरावर, नुसती ऊब लागेल अशी ठेवावी. वर्ख प्रसरण पावतो, कागद तितका पावत नाही, त्यामुळे पट्टी कागदाच्या बाजूस वाकते. दूर नेताच ती परत येऊ लागते. ट्यूबलाइटच्या जुन्या, निकामी स्टार्टरमधील काचेच्या बल्बातही द्विधातू पट्टी असते. शिक्षकांनी बाहेरचे आवरण काढून ती काचेतूनच विद्यार्थ्यांना दाखवावी. गोष्टीरूपाने इतिहासही सांगता येईल. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या भट्टीची उष्णता आपोआप राखण्याचे साधन बनविले होते. १८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने द्विधातू पट्टीच्या साधनाचे पेटंट घेऊन त्यास ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले.

कासार हा शब्द तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या व्यवसायाशी निगडित आहे. ज्या पितळेचे हंडे-कळशा घरोघर नांदल्या, तीच पितळ दुसऱ्या धातूच्या जोडीने उष्णतेवर पहारा करू शकते. तो पहारा अखंड असला, तरी आंधळा आहे. पहारेकरी नेमल्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवावा, परंतु दिवसातून दोनदा तापमापकाची साक्ष अवश्य काढावी. गावातील दूध व बालकांची लस यांची सुरक्षितता या छोट्याशा सवयीवर अवलंबून आहे.